काल चालत होती ती कमांड आज सापडत नाही: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स असो, मॅक असो की विंडोजवरचे गिट बॅश, टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कमांड दिली आणि ‘कमांड नॉट फाउंड’ असे उत्तर आले की बहुतेकांचा पहिला समज होतो तो प्रोग्रॅम उडाल्याचा. जून-जुलैत कॉलेजे सुरू झाली की गोव्यातल्या फोंडा, म्हापसा, डिचोली, साखळी इथल्या विद्यार्थ्यांकडून मला येणाऱ्या प्रश्नांत हा प्रश्न सगळ्यात वर असतो. “सर, काल संध्याकाळपर्यंत पायथन चालत होते, आज सकाळी नाही.” आणि त्याच्या मागोमाग, “दुकानात दाखवला, ते म्हणतात फॉरमॅट मारावा लागेल.”

कृपा करून फॉरमॅट मारू नका. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीचा डिप्लोमाचा पूर्ण प्रकल्प अशाच एका फॉरमॅटमध्ये गेला. आदल्या संध्याकाळी तिने एका फाइलमध्ये कुठूनतरी उचललेली एक ओळ टाकली होती आणि सगळा बिघाड त्या ओळीत होता. ती ओळ पुसायला अर्धे मिनिट पुरले असते. या संदेशासाठी ऑपरेटिंग सिस्टम नव्याने टाकावी लागण्याची वेळ फार म्हणजे फारच क्वचित येते, आणि तशी वेळ आली आहे की नाही हे ठरवायलाही आधी पुढच्या गोष्टी तपासाव्या लागतात.

एक सूचना आधीच देतो. इथे कमांड, फाइलींची नावे आणि फोल्डर देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायचे, आकडेही इंग्रजीच. एकल्या ‘पाथ’ आणि ‘होम’ या व्हेरिएबलांची, म्हणजे संगणकाने नावाने साठवलेल्या माहितीची, नावे पूर्ण कॅपिटलमध्ये लिहायची. चिन्हे, म्हणजे तिरकी रेघ, अपूर्णविराम, डॉलर, बरोबरचे चिन्ह, जशी दिसतात तशीच.

शेल शोधते कुठे

तुम्ही एखादा शब्द टाइप करून एंटर दाबला की शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम (लिनक्सवर बहुधा बॅश, मॅकवर झेडशेल), आधी पाहते की तो एलियस (दुसऱ्या कमांडला दिलेले टोपणनाव) आहे का, मग फंक्शन (अनेक कमांडना मिळून दिलेले नाव) आहे का, मग शेलच्या स्वतःच्या पोटातली कमांड आहे का. सीडी, एको, एक्सपोर्ट, टाइप या अशा पोटातल्या कमांड. त्यांच्यासाठी डिस्कवर काही शोधावे लागत नाही. यांपैकी काहीच नसेल तर शेल पाथ नावाचे व्हेरिएबल उघडते. त्यात अपूर्णविरामांनी वेगळ्या केलेल्या फोल्डरांची यादी असते. डावीकडून उजवीकडे एकेक फोल्डर तपासला जातो आणि त्या नावाची चालवता येणारी फाइल जिथे पहिली मिळेल तिथे शोध थांबतो. यादी संपली आणि काही मिळाले नाही की तो संदेश येतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखाद्याला चार गल्ल्यांची चिठ्ठी देऊन खोबरेल आणायला पाठवले आणि तेलवाला पाचव्या गल्लीत बसला असेल, तर तो माणूस रिकाम्या हाती परत येईल. बाजारात तेल आहेच. चिठ्ठी अपुरी आहे. शेल चिठ्ठीबाहेर कधीच जात नाही. म्हणून पहिले काम प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करणे नसते, चिठ्ठी वाचणे असते:

एको $पाथ

उबुंटूवर साधारण असे काही दिसायला हवे: /यूएसआर/लोकल/एसबिन, /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/बिन, /एसबिन, /बिन, आणि शेवटाकडे /स्नॅप/बिन. डॉलरच्या आधी एको लिहायला विसरलात आणि नुसते $पाथ टाइप केलेत, तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे लांबलचक उत्तर येईल. ते पाहून घाबरू नका. शेलने पूर्ण यादीलाच एका फाइलचे नाव समजून ती चालवायचा प्रयत्न केला, एवढेच झाले आहे.

एकच गेली की सगळ्याच गेल्या?

पुढचा सगळा तपास या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. एलएस (फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) देऊन पाहा. मग सीडी (फोल्डर बदलणारी) देऊन पाहा. सीडी आणि एको चालतात पण एलएस, कॅट, नॅनो (फाइल लिहायचा साधा प्रोग्रॅम), सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा) यांतले काहीच चालत नाही, तर निदान झालेच: पाथ मोडला आहे. पोटातल्या कमांडना पाथ लागत नाही म्हणून त्या जिवंत आहेत. बाकी सगळे प्रोग्रॅम डिस्कवर जागच्या जागी आहेत, पण शेलला त्यांची वाट माहीत नाही. खात्री करायची असेल तर पूर्ण पत्ता देऊन चालवा:

/बिन/एलएस

चालले ना? मग आता त्या खिडकीपुरता पाथ हाताने द्या:

एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/एसबिन:/एसबिन

खिडकी बंद केली की हा पाथ जातो, म्हणून ती बंद करू नका. आता खरी बिघडलेली ओळ शोधायची आहे आणि ती बहुतेक वेळा तुमच्या होम फोल्डरमधल्या (तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या) .बॅशआरसी, .प्रोफाइल, .बॅश_प्रोफाइल किंवा मॅकवर .झेडएसएचआरसी, .झेडप्रोफाइल या फाइलींपैकी एकीत असते. नावांच्या सुरुवातीला बिंदू असल्यामुळे त्या साध्या एलएसमध्ये दिसत नाहीत. एलएस -ए द्या. फाइल नॅनोमध्ये उघडा आणि ‘पाथ=’ असलेली प्रत्येक ओळ नीट वाचा, विशेषतः सगळ्यात शेवटची. इन्स्टॉलर आणि माणसे, दोघेही नव्या ओळी शेवटीच टाकतात.

त्या ओळीत चूक कशी दिसते ते पाहू, कारण इथेच मुलांचा सर्वाधिक वेळ जातो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना पाथ न जोडता नवाच लिहिणे. एक्सपोर्ट पाथ=$होम/बिन असे लिहिले की जुनी यादी पुसली जाते आणि एकटा तुमचा बिन फोल्डर उरतो. बरोबर ओळ अशी:

एक्सपोर्ट पाथ="$होम/बिन:$पाथ"

शेवटचा $पाथ म्हणजे आधीची यादी. तो तिथे नसेल तर सगळे जाते. डॉलर विसरला आणि नुसते पाथ राहिले तरी सगळे जाते. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. दोन्हीकडे जागा सोडली की बॅश ‘पाथ’ हीच कमांड समजते आणि ती सापडली नाही असे सांगते. आधी एक्सपोर्ट असेल तर ‘नॉट अ व्हॅलिड आयडेंटिफायर’ येते. या दोन्ही वेळी पाथ मात्र मोडत नाही, जुनाच राहतो. आणखी एक: कोटाच्या आत ~ लिहू नका. तिथे ते होम फोल्डरमध्ये बदलत नाही, नुसते चिन्ह म्हणून राहते. $होम लिहा.

/ईटीसी/एन्व्हायरन्मेंट ही फाइल स्वतंत्र सावधगिरी मागते. ती शेल वाचत नाही, लॉगिनची यंत्रणा वाचते, आणि तिथे $पाथ लिहिले तर त्याच्या जागी जुनी यादी येत नाही. त्या फाइलमध्ये अशी ओळ टाकून संगणक पुन्हा सुरू केला की सगळ्या वापरकर्त्यांचा पाथ एकदम मोडतो. ती फाइल पूर्ण पत्ते लिहायचे नसतील तर उघडूच नये, असे माझे ठाम मत आहे.

.प्रोफाइलमध्ये पाथ मोडला असेल तर उबुंटूवर कधीकधी लॉगिनच होत नाही: पासवर्ड बरोबर दिला तरी क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा पासवर्ड मागितला जातो. अशा वेळी पासवर्ड विसरलो असे मानून तो बदलायला धावू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, अक्षरांचा पडदा येईल, तिथे लॉगिन करा आणि /यूएसआर/बिन/नॅनो असा पूर्ण पत्ता देऊन फाइल दुरुस्त करा.

मॅकवाल्यांसाठी एक वेगळीच खोड. झेडशेलमध्ये छोट्या लिपीतले ‘पाथ’ हे व्हेरिएबल कॅपिटल पाथशी बांधलेले असते. एक बदलले की दुसरेही बदलते. तुम्ही सहज एखाद्या फॉर लूपमध्ये (तेच काम एकेका फाइलवर करणाऱ्या रचनेत) फाइलींसाठी छोट्या लिपीतले पाथ हे नाव वापरले, की लूप पहिल्या फेरीतच शेलची यादी पुसून टाकतो आणि पुढच्या ओळीपासून एलएससुद्धा सापडत नाही. तीच स्क्रिप्ट (फाइलमध्ये लिहिलेल्या कमांड) बॅशमध्ये व्यवस्थित चालते, त्यामुळे मित्राच्या लिनक्सवर चालणारी आपल्या मॅकवर का मरते हे कळत नाही. व्हेरिएबलला दुसरे नाव द्या आणि नवी खिडकी उघडा.

एकच कमांड मिळत नसेल तर

आता पाथ ठीक आहे, एलएस चालते, पण पायथन म्हटले की नाही म्हणते. आधी शेललाच विचारा:

टाइप -ए पायथन३

शेलला त्या नावाचे जे जे दिसते, एलियस, फंक्शन, फाइल, ते सगळे टाइप सांगते. विच ही कमांड अनेकांना पाठ असते, पण बॅशमध्ये ती वेगळा प्रोग्रॅम असल्यामुळे तिला एलियस आणि फंक्शन दिसत नाहीत. टाइपची सवय लावा.

काही मिळाले नाही तर नावच वेगळे नाही ना ते बघा. डेबियन ११ आणि उबुंटू २०.०४ पासून नुसत्या ‘पायथन’ या नावाची कमांड आपोआप येत नाही. पायथन३ म्हणावे लागते. जुन्या पुस्तकांत आणि नोट्समध्ये सगळीकडे ‘पायथन’ छापलेले असल्यामुळे पहिल्या वर्षाची मुले इथेच अडकतात. जुने नाव हवेच असेल तर पायथन-इज-पायथन३ नावाचे पॅकेज (इन्स्टॉल करायचा फाइलींचा गठ्ठा) आहे. तसेच फाइली शोधणारा एफडी हा प्रोग्रॅम डेबियन-उबुंटूवर एफडीफाइंड या नावाने बसतो आणि फाइलचा मजकूर दाखवणारा बॅट हा बॅटकॅट या नावाने, कारण ती छोटी नावे आधीच दुसऱ्या पॅकेजांनी घेतली होती. प्रोग्रॅम इन्स्टॉल झाला असे एपीटी (उबुंटू-डेबियनवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करणारी कमांड) सांगते आणि कमांड मात्र मिळत नाही, तेव्हा त्या पॅकेजने कुठल्या फाइली टाकल्या ते थेट विचारा:

डीपीकेजी -एल एफडी-फाइंड

इथला ‘एल’ कॅपिटल. उत्तरातल्या यादीत /यूएसआर/बिन खाली जे नाव दिसेल तीच तुमची कमांड.

आयएफकॉन्फिग (नेटवर्कची माहिती दाखवणारी जुनी कमांड) सापडत नसेल तर तो दोष तुमचा नाही. नेट-टूल्स हे जुने पॅकेज आता अनेक लिनक्सांत आपोआप येत नाही. आयपी ॲडर द्या, तेच उत्तर मिळेल. प्रात्यक्षिकाच्या वहीत आयएफकॉन्फिगच लिहायचे बंधन असेल तर नेट-टूल्स इन्स्टॉल करा.

डेबियनवर आणखी एक गोष्ट हमखास होते. यूजरमॉड, एफडिस्क, अशा प्रशासकाच्या कमांड /यूएसआर/एसबिन मध्ये राहतात आणि साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये तो फोल्डर नसतो. मुलगा एसयू देऊन रूट, म्हणजे प्रशासक, होतो, पासवर्ड बरोबर असतो, तरी यूजरमॉड सापडत नाही. डेबियन १० (२०१९) पासून नुसते एसयू दिल्यावर तुमचा जुनाच पाथ कायम राहतो. एसयू, मग जागा, मग एक आडवी रेघ असे द्या. त्या रेघेमुळे रूटचे पूर्ण वातावरण मिळते, एसबिनसकट.

प्रोग्रॅम तुम्ही स्वतः लिहिलेला असेल आणि तो समोरच्याच फोल्डरमध्ये असेल, तरी शेल तो पाहत नाही. सध्याचा फोल्डर पाथमध्ये नसतो आणि तो मुद्दाम ठेवलेला नसतो. तो असता तर पेन ड्राइव्हवर कुणी एलएस नावाची घातक फाइल ठेवली आणि तुम्ही त्या फोल्डरमध्ये जाऊन एलएस म्हटले, की ती चालली असती. म्हणून बिंदू आणि तिरकी रेघ देऊन चालवा: ./माझाप्रोग्रॅम. ‘बिंदू पाथमध्ये टाका, त्रास वाचतो’ असा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका.

एका खिडकीत चालते, दुसरीत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, कारण संगणक तोच, माणूस तोच. याचे कारण बॅश कोणत्या फाइली वाचते त्यात आहे. लॉगिन शेल (लॉगिन करताना सुरू होते तशी) असेल तर ती आधी /ईटीसी/प्रोफाइल वाचते आणि मग तुमच्या होममध्ये .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन, .प्रोफाइल या क्रमाने शोधून जी पहिली मिळेल तेवढीच वाचते. नुसते टर्मिनल उघडले, जसे उबुंटूवर उघडतो, तर लॉगिन शेल नसते आणि .बॅशआरसी वाचली जाते. मॅकचे टर्मिनल मात्र प्रत्येक खिडकीत लॉगिन शेल उघडते. म्हणून लिनक्ससाठी लिहिलेली सूचना मॅकवर जशीच्या तशी लागू पडत नाही.

‘पहिली मिळेल तेवढीच’ हा भाग लक्षात ठेवा. तुमच्याकडे .प्रोफाइल होती, तीत सगळे ठीक होते. मग एखाद्या इन्स्टॉलरने .बॅश_प्रोफाइल ही नवी फाइल तयार केली. त्या दिवसापासून .प्रोफाइल वाचणे बंद, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कमांड गेल्या. तुम्ही कशालाही हात लावलेला नसतो, त्यामुळे संशय कुठेच जात नाही. उपाय सोपा आहे: नव्या .बॅश_प्रोफाइलच्या सुरुवातीला ही ओळ टाका.

. "$होम/.प्रोफाइल"

पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम बऱ्याचदा होममधल्या .लोकल/बिन मध्ये जातात. उबुंटूच्या .प्रोफाइलमध्ये तो फोल्डर पाथला जोडण्याची सोय आधीच आहे, पण लॉगिनच्या वेळी तो फोल्डर अस्तित्वात असेल तरच. पहिल्यांदा पिप वापरले तेव्हा फोल्डर नुकताच तयार झालेला असतो. इथे काहीही दुरुस्त करायचे नसते: लॉगआउट करा, पुन्हा लॉगिन करा.

आणि प्रोग्रॅम एका फोल्डरातून दुसऱ्यात गेला असेल तर बॅश जुना पत्ता लक्षात ठेवून तिथेच जाते आणि ‘नो सच फाइल’ म्हणते. हॅश -आर दिले की ती आठवण पुसली जाते.

मराठी कळफलक आणि व्हॉट्सॲपवरच्या ओळी

आपल्याकडे घरच्या संगणकावर मराठी किंवा कोकणी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक बसवलेला असतो. अर्ज लिहून झाला, कळफलक तसाच राहिला, आणि टर्मिनलमध्ये एल आणि एस या कळा दाबल्या की पडद्यावर ‘ते’ उमटते. शेल प्रामाणिकपणे सांगते की ‘ते’ नावाची कमांड सापडली नाही. सीडीच्या कळांवर ‘म्’ येतो. हे लगेच ओळखू येते. पण टर्मिनलच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर नुसते चौकोन दिसतात आणि संगणकात व्हायरस शिरला असा निष्कर्ष काढून लोक घाबरतात. उबुंटूवर सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि स्पेस, विंडोजवर विंडोज आणि स्पेस दाबून कळफलक इंग्रजीवर आणा.

न दिसणारी चूक जास्त त्रास देते. मित्राने व्हॉट्सॲपवर किंवा वर्डच्या फाइलमधून पाठवलेली कमांड चिकटवली की तिच्यातले सरळ कोट वाकडे झालेले असतात, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ झालेली असते, आणि साध्या जागेऐवजी ‘न तुटणारी’ जागा आलेली असते. ती डोळ्यांना साध्या जागेसारखीच दिसते, पण शेलला ती कमांडच्या नावाचाच भाग वाटते. मॅकवर ऑप्शन दाबलेले असताना स्पेस दाबली तरी हीच जागा उमटते. उभ्या रेघेनंतर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) लिहिताना काही कळफलकांवर हे नकळत होते. संदेशात कमांडचे नाव अगदी बरोबर दिसत असूनही ती सापडत नसेल, तर ओळ पुसून पूर्ण हाताने टाइप करा. खात्रीच करायची असेल तर ती ओळ फाइलमध्ये ठेवून लिनक्सवर कॅट -ए (इथेही ‘ए’ कॅपिटल) द्या. न तुटणाऱ्या जागेच्या ठिकाणी ‘एम-बीएम-’ असे काहीसे दिसेल.

नोट्समध्ये ओळीच्या सुरुवातीचा डॉलर आणि जागा ही फक्त प्रॉम्प्टची, म्हणजे शेल कमांडची वाट पाहत असल्याची, खूण असते. तीही उचलली तर डॉलरच सापडला नाही असे उत्तर येते. खूण # असेल तर त्याहून फसवे, कारण बॅशमध्ये पूर्ण ओळ टीप समजली जाते आणि काहीच होत नाही.

मॅकवर, विंडोजवर

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या वापरकर्त्याला बॅशऐवजी झेडशेल मिळते. त्यामुळे .बॅश_प्रोफाइलमध्ये टाकलेली ओळ कुणी वाचतच नाही, ती .झेडप्रोफाइल किंवा .झेडएसएचआरसी मध्ये हवी. होमब्रू (मॅकवर प्रोग्रॅम बसवणारे साधन) इंटेलच्या मॅकवर /यूएसआर/लोकल मध्ये बसते, तर ॲपलच्या स्वतःच्या चिपवर /ऑप्ट/होमब्रू मध्ये, आणि हा दुसरा फोल्डर मुळात पाथमध्ये नसतो. होमब्रू बसवून झाल्यावर शेवटी ‘नेक्स्ट स्टेप्स’ म्हणून ज्या ओळी दिसतात त्या न वाचता खिडकी बंद केली जाते, आणि मग ब्रू ही त्याची कमांड सापडत नाही. २०२२ मध्ये आलेल्या मॅकओएस १२.३ मधून ॲपलने जुने पायथन २ काढून टाकले. जुन्या स्क्रिप्ट त्या अपडेटनंतर बंद पडल्या असतील तर कारण हेच.

विंडोजवर आधी तुम्ही कशात आहात ते पाहा. गिट बॅश हे गिटपुरते (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमपुरते) छोटे वातावरण आहे. मेक, आरसिंक असे प्रोग्रॅम तिथे नसतात आणि तिथे एपीटीही नाही. सिग्विनमध्ये (विंडोजवर लिनक्ससारखे वातावरण देणाऱ्या संचात) सुरुवातीला मोजकीच पॅकेजे येतात. आणखी हवी असतील तर तोच सेटअप पुन्हा चालवून निवडावी लागतात. सिग्विनची बॅश थेट तिच्या फाइलवर डबल क्लिक करून उघडली तर ती लॉगिन शेल होत नाही, /यूएसआर/बिन पाथमध्ये येत नाही आणि एलएससुद्धा मिळत नाही. डेस्कटॉपवरच्या सिग्विनच्या आयकॉननेच उघडा. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) मात्र खरे लिनक्स आहे. तिथे विंडोजचा प्रोग्रॅम हवा असेल तर नावापुढे .ईएक्सई लिहावे लागते आणि विंडोजमध्ये बसवलेले पायथन तिथल्या लिनक्सला आपोआप मिळत नाही.

गिट बॅशमध्ये पाथला सी ड्राइव्हचा पत्ता जोडताना सी आणि अपूर्णविराम लिहिला की त्या अपूर्णविरामाशीच पत्त्याचे दोन तुकडे होतात. तिथे पत्ता /सी/ असा सुरू करायचा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पाथ बदलला असेल तर उघड्या खिडक्यांना तो कळत नाही. सगळ्या बंद करून नवी उघडा. पायथन म्हटल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमधल्या ‘ॲप एक्झिक्युशन एलियसेस’ मध्ये पायथनच्या नावाचे बटण बंद करा.

सुडो आणि क्रॉन

साधी दिली तर चालते, सुडो लावले की सापडत नाही, असे होते तेव्हा कारण सुडोअर्स फाइलमधल्या ‘सिक्युअर_पाथ’ या ओळीत असते. सुडो तुमचा पाथ बाजूला ठेवून स्वतःचा वापरतो, आणि तो सुरक्षेसाठी तसा ठेवला आहे. ती ओळ बदलण्यापेक्षा प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या. क्रॉनचेही (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचेही) तसेच: त्याचा पाथ बहुधा /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो, म्हणून रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट हाताने चालते आणि वेळापत्रकावर मरते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत पाथ लिहून टाका.

पावसाळ्यातली वीज

आपल्याकडे पावसात लाइट जाते, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अपडेट अर्ध्यावर तुटते. पुन्हा सुरू केल्यावर एखादी कमांड नसेल तर उबुंटू-डेबियनवर आधी हे द्या:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

अर्धवट राहिलेली पॅकेजे पूर्ण होतात आणि बहुतेक वेळा कमांड परत येते. त्याच वेळी .बॅशआरसी सेव्ह होत असेल तर ती रिकामी झालेली असू शकते. एलएस -एल मध्ये तिचा आकार ० दिसला तर मूळ प्रत /ईटीसी/स्केल या फोल्डरमध्ये असते. तिथून आपल्या होममध्ये कॉपी करा. तुम्ही स्वतः टाकलेल्या ओळी मात्र पुन्हा लिहाव्या लागतील.

दिसायला तसाच, पण वेगळा

बिघडल्याबरोबर एको $? दिले तर शेल एक आकडा सांगते. १२७ म्हणजे सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही. तिथे पाथ शोधत बसू नका, सीएचमॉड +एक्स आणि फाइलचे नाव देऊन तिला चालवण्याची परवानगी द्या. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि तरी ‘बॅड इंटरप्रिटर’ येते, आणि त्यात वर टोक असलेले चिन्ह व कॅपिटल एम दिसते, तर ती फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह झाली आहे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य अक्षर आहे. डॉस२युनिक्स हा छोटा प्रोग्रॅम ते काढून टाकतो.

मदत मागताना

इतके करूनही अडले तर जरूर विचारा, पण “कमांड चालत नाही” एवढेच लिहून कुणी काही सांगू शकत नाही. पूर्ण संदेश जसाच्या तसा कॉपी करून पाठवा; मोबाइलने काढलेल्या पडद्याच्या फोटोत अपूर्णविराम आणि अर्धविराम सारखेच दिसतात. सोबत एको $पाथ, टाइप -ए आणि त्या कमांडचे नाव, एको $० यांची उत्तरे द्या. या शेवटच्यातून तुम्ही बॅशमध्ये आहात की झेडशेलमध्ये ते कळते. सगळ्यात शेवटी काय इन्स्टॉल केले किंवा कुठली फाइल बदलली तेही लिहा. .बॅशआरसी पूर्ण पाठवणार असाल तर आधी ती वाचून पाहा: कित्येकांनी तिच्यात पासवर्ड आणि गिटचे टोकन (पासवर्डसारखी गुप्त खूण) लिहून ठेवलेले असतात. त्या ओळी काढा, मग पाठवा.